साडूंना मरणं जमेना

आमच्या साडूंइतका अस्वस्थ माणूस अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुसरा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. एका शनिवारी भल्या सकाळी आमच्या न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या घराची बेल वाजली. मी लुंगी सावरत दार उघडलं, तर हे समोर उभे. अंगात जाड निळा लोकरी कोट, त्याला दोन्ही बाजूंनी पितळी बटणं, डोक्यावर पुढे झुकलेली टोपी, वर कमरेला पट्टा. मागे ड्राइव्हवेत तशाच कोटातला एक पोट सुटलेला गोरा गृहस्थ. मी अर्धवट झोपेत होतो. मनापासून आनंद झाला आणि बोलून गेलो, "अरे वा, साडूभाऊ, बँडमध्ये लागलात? वरात कुणाची?" साडूंनी टोपी सरळ केली. मग त्यांनी वळून त्या गोऱ्या गृहस्थाला माझं वाक्य शब्दशः इंग्रजीत सांगितलं. तो गृहस्थ त्यांच्या हौशी शिपायांच्या तुकडीचा कॅप्टन होता आणि इतर दिवशी प्लंबर. त्यानंतर आमचं बाथरूम तुंबलं तेव्हा त्याला फोन करायचं धाडस मला झालं नाही.

साडू रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. कारखान्यात एका जागी उभं राहून रंग ढवळण्याचं काम त्यांना कधी दिलं नसावं, नाहीतर न्यू जर्सीतली निम्मी घरं आज ठिपक्याठिपक्यांची दिसली असती. जेवताना ते उठून मीठ आणतात, मीठ आणायला गेले की खिडकी बंद करतात, खिडकी बंद करताना गाडीचं ऑइल आठवतं, आणि ताई ताट झाकून ठेवतात. असा हा माणूस एकदा हायवेवर चुकीच्या एक्झिटला उतरला आणि थेट पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या रणांगणावर जाऊन पोहोचला. तिथल्या गाइडने दोन तास माहिती सांगितली. साडूंनी परतीच्या वाटेवर ती सगळी ताईंना सांगितली, घरी येऊन मुलीला सांगितली, आणि सोमवारी आम्हाला. तेव्हापासून अमेरिकेचं एकोणिसावं शतक आमच्या घरात जे येऊन बसलं ते उठायचं नाव घेईना.

आता हे शतक म्हणजे नुसत्या लढाया नव्हेत. आधी त्यांना समाजसुधारणेने पछाडलं. त्या काळात दारूबंदीसाठी बायका गुत्त्यांसमोर प्रार्थना करत बसत, हे वाचल्यावर त्यांनी आमच्या अंगणातल्या बार्बेक्यूला माझी बिअर शांतपणे सिंकमध्ये ओतली. स्वतःची मात्र आधी संपवली होती. मग स्त्रियांच्या हक्कांची पाळी आली. मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांनी जाहीर केलं की यंदा बायकांची पंगत आधी आणि वाढपी सगळे पुरुष. कल्पना उत्तम होती. पण तिसऱ्याच ताटाशी ते वरणाचं पातेलं घेऊन थांबले आणि मतदानाचा हक्क मिळवायला त्या बायकांनी किती पिढ्या वाट पाहिली ते सांगू लागले. रांगेच्या टोकाकडून ताईंचा आवाज आला, "अहो, आमची वरणासाठी दुसरी पिढी चाललीय!"

त्यानंतर आला पश्चिमेकडचा विस्तार. त्यांच्या परसातला मेथीचा वाफा दर उन्हाळ्यात शेजारच्या म्हातारीच्या हिरवळीत हातभर सरकू लागला. म्हातारीने विचारलं तेव्हा साडूंनी तिला तिच्याच देशाचा इतिहास ऐकवला. ती बिचारी म्हणाली, "पण तिथे आधीपासून मी राहते!" हे ऐकून साडू एकदम गंभीर झाले. "इथल्या मूळ रहिवाशांनीही हेच म्हटलं होतं हो," असं पुटपुटत त्यांनी त्याच दुपारी सगळी मेथी उपटली. आठवडाभर आम्ही दोन्ही घरी मेथीच खात होतो.

पण खरा जीव अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात. कुणीतरी मंडळात टोमणा मारला, "काय हो, त्यांच्या भांडणात आपला काय संबंध?" साडू चहा खाली ठेवून म्हणाले, "माणूस बाजारात विकता येतो की नाही, या प्रश्नावर एक अख्खा देश स्वतःच्या अंगावर धावून गेला. आणि तुम्ही म्हणता आपला संबंध नाही? आपल्याकडे या प्रश्नाचे भाऊबंद काय कमी आहेत?" टोमणा मारणारा चहा न पिताच घरी गेला.

तर, त्या युद्धाच्या लढाया हौशी लोक मोकळ्या शेतात पुन्हा लढतात. बंदुकीत नुसती दारू, गोळी नाही. त्यामुळे कोण मरणार ते सकाळीच चिठ्ठ्या टाकून ठरतं. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने धडाम् झालं की पडायचं आणि बिगुल वाजेपर्यंत निपचित राहायचं. इथेच घोडं अडलं. साडू धावत सुंदर, ओरडत सुंदर, पडतही असे की बायामाणसं हळहळत. पण पडून राहणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एकदा दोरीपलीकडच्या एका प्रेक्षक बाईने नवऱ्याला विचारलं, "या युद्धात भारतीय होते का रे?" नवरा बोलण्याआधी प्रेत कोपरावर उठून बसलं आणि कुठल्या कुठल्या देशांतली माणसं सैन्यात होती ते सांगू लागलं. दुसऱ्या खेपेला शत्रूचा एक शिपाई त्यांच्यावरून उडी मारून जाताना त्याच्या मनगटावर डिजिटल घड्याळ दिसलं. मेलेल्या साडूंनी त्याचा घोटा धरला. "आधी घड्याळ काढ!" तो बिचारा खरोखरच किंचाळला. मुलगी दोरीला टेकून ओरडली, "डॅड, यू आर डेड! स्टे डेड!"

शेवटी कॅप्टनने त्यांना बाजूला घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात मोठी लढाई होती. युद्धाला सव्वाशे वर्षं होत होती म्हणून देशभरातून तुकड्या यायच्या होत्या. "या वेळी चिठ्ठी निघाली आणि तू पुन्हा उठलास, तर त्याच्या पुढच्या वर्षी घरी बस," असं त्याने सांगितलं. साडूंनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात गाजर होतं आणि ते त्यांनी पूर्ण बोलणं होईपर्यंत खाल्लं नाही, इतके ते खचले होते. "कारखान्यात मला अजून विचारतात, तुझ्या देशात परत कधी जाणार," ते म्हणाले. "या तुकडीत कुणी विचारत नाही. फक्त विचारतात, बूट घातलेस का, पाणी घेतलंस का." मग लढाईआधी महिनाभर ते दिवाणखान्यात सतरंजीवर मरायचा सराव करत होते. ताई पोळ्या लाटता लाटता बाहेर डोकावून म्हणायच्या, "पाय हलला."

मोठ्या लढाईच्या रविवारी सकाळी साडूंचीच चिठ्ठी निघाली. आम्ही चौघं दोरीशी उभे. मी, माझी बायको, ताई आणि मुलगी. ऊन असं की गवतालाही घाम यावा, आणि यांच्या अंगात लोकर. धूर झाला, आरोळ्या झाल्या, साडू टेकाडाच्या उतारावर दोन्ही हात पसरून कोसळले. पडले ते झकास. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आणि मग लाउडस्पीकरवरचा निवेदक म्हणाला, "मंडळी, याच ठिकाणी निळ्या कोटवाल्यांनी पळ काढला."

हे साफ खोटं होतं. निळे कोटवाले, म्हणजे साडूंचीच बाजू, इथे पाय रोवून उभे राहिले होते, हे मलासुद्धा ठाऊक होतं. किंबहुना मला दुसरं काही ठाऊकच राहिलं नव्हतं. ताईंनी माझ्या बायकोचा दंड घट्ट पकडला. "उठणार," मी म्हणालो. "आता उठणार." कॅप्टनही धुरातून तिकडेच बघत होता. साडूंचा उजवा हात गवतात मुठीसारखा आवळला गेला. निवेदकाने तेच वाक्य पुन्हा, आणखी रंगवून सांगितलं. मूठ हळूहळू सुटली. साडू पडून राहिले.

बिगुल वाजला. सगळी प्रेतं उठली, पँट झटकू लागली, एकमेकांना सिगारेटी देऊ लागली. साडू उठले नाहीत. मुलगी आधी हसत म्हणाली, "ओके, डॅड, इट्स ओव्हर!" दुसऱ्यांदा हाक मारताना तिचा आवाज बदलला. मग आम्ही सगळेच दोरीखालून धावलो. ताई सगळ्यांत पुढे, साडीचा काठ हातात, चप्पल कुठेतरी मागे राहिलेली. बायपासपासून सगळ्या गोष्टी माझ्या मनात येऊन गेल्या होत्या.

साडूंचे डोळे उघडे होते, आकाशाकडे लागलेले. ताई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून ओरडल्या, "अहो!"

"अगं, आहे मी," ते हळूच म्हणाले. "थांब जरा. इतकी वर्षं या देशात नुसता उभाच होतो. आज पहिल्यांदा इथल्या मातीला पाठ टेकली. बरं वाटतंय."

ताईंनी पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. तिथेच त्यांच्या बाजूला गवतात बसून राहिल्या. कॅप्टन आला, त्याने टोपी काढली आणि पाण्याची बाटली साडूंच्या छातीवर ठेवून म्हणाला, "पुढच्या वर्षी लोकरीच्या आत सुती शर्ट घाल." साडूंनी झोपल्या झोपल्याच सलाम ठोकला.

परतताना गाडी मी चालवत होतो. बायको म्हणाली, "ताई लग्न झाल्यापासून सांगतेय त्यांना, घटकाभर पडा म्हणून. त्याला एवढी लढाई लागली." मी हसलो. ती हसली नाही. टोलनाका मागे गेला, आमची नेहमीची वळणं सुरू झाली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, आपण दोघं असे कधी पडलोय का हो, इथल्या जमिनीवर?"