पित्तच असेल

माझ्या नवऱ्याला गांजाची चटक लावली ती त्याच्या पुण्याच्या कॉलेजातल्या मित्राने. त्याचं नाव घेत नाही, तोंड विटाळेल. इथे अमेरिकेत, रेडमंडला दोघं एकाच ऑफिसात. "वहिनी, लीगल आहे, दुकानात पावती देऊन विकतात. आणि शेवटी शंकराचा प्रसाद," असं तो मला हसत हसत सांगायचा. दुकान आमच्या ग्रोसरीच्या शेजारीच. नवरा रोज संध्याकाळी ओढायला लागला, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. झोप छान लागते म्हणे. लागणारच. सकाळी सांगितलेलं दुपारी आठवायचं नाही, एवढं डोकं झोपलेलं.

मग उलट्या सुरू झाल्या. सकाळी उठला की ओकायचा आणि कढत शॉवरखाली जाऊन उभा राहायचा. तेवढंच त्याला बरं वाटायचं. मी मेली पित्त समजून मुगाची खिचडी रांधत बसले. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, उपाशीपोटी चहा बंद कर. तोही केला. नवरा वाळतच चालला.

शेवटी इमर्जन्सीत नेला. अंगातलं पाणी आटून किडनीवर आलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, गरम पाण्याने बरं वाटतं का? आणि मग, गांजा किती वर्षं? रोज वर्षानुवर्षं घेतला की काहींचं शरीर असं उलटतं, म्हणाल्या. उपाय एकच, कायमचा बंद. पुन्हा घेतलात तर पुन्हा इथेच याल, आणि दर वेळी किडन्या साथ देतीलच असं नाही.

घरी आणला, तर त्याच आठवड्यात मित्र हजर. हातात गमीजची, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांची डबी. मी म्हटलं, डॉक्टरांनी गांजामुळेच झालं म्हणून सांगितलंय. "काहीतरीच काय वहिनी, कॅन्सरवाल्यांना उलटीवर हेच देतात." करून सवरून नामानिराळा. आणि नवरा त्या डबीकडे असा बघत होता की मला रडू फुटलं.

तेवढ्यात नवऱ्याला उबळ आली. मी बादली उचलून मित्राच्या हातात दिली.

"धरा भाऊजी. प्रसाद तुमचा, आता तीर्थही घ्या."

धरली त्याने. दोन्ही हात गुंतलेले, नाक दाबायची सोय नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? नवऱ्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "यार, ती डबी घेऊन जा. पुन्हा आणू नकोस."

मी दारापर्यंत गेले. बूट घालता घालता तो हळूच म्हणाला, "वहिनी, हल्ली सकाळी मलाही मळमळतं. पण गरम पाण्याखाली उभं राहिलं की थांबतं. म्हणजे माझं पित्तच ना?"

"पित्तच असेल," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

सांगेन त्याला, नाही असं नाही. पण आधी तो त्या इमर्जन्सीतल्या खाटेवर सलाईन लावून पडलेला मला बघायचाय.