बेटावर राहतंय कोण

आमची वाडी काही मुळात बेट नव्हती. धरणाचं पाणी चढलं, टेकडीला तीन बाजूंनी वेढा पडला आणि ती बेट झाली. उन्हाळ्यात चौथ्या बाजूनं चिखल तुडवत चालत जाता येतं. पावसाळा लागला की ती वाटही बुडते, मग फक्त होडी. ती पंचायतीची.

यंदा शिरगणती लागणार म्हटल्यावर पंचायतीतला एक जण चारचौघांत बोलून गेला, की बेटावर राहतंय कोण, रिकाम्या घरांसाठी होडी कशाला चालवायची, शिरगणतीत दिसेलच काय ते. मला हे कामशेतच्या बाजारात कळलं आणि डोकंच फिरलं. घरं रिकामी नाहीत हो. म्हणजे कुलपं आहेत, पण रिकामी नाहीत. हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

आता माझंच बघा. मुलगे तीन. थोरला कामशेतला तांदळाच्या दुकानात, मधला कुसगावला हॉटेलात, धाकटा बेगडेवाडी स्टेशनजवळ खोली घेऊन कंपनीत जातो. एका सुनेचं बाळंतपण निघालं की मी तिकडे, दुसऱ्याच्या पोरांना शाळेत कोण सोडणार म्हणून मी इकडे. मधे सवड काढून बेटावर येते, घर उघडते, सारवते, खाचरं बघते. लोक म्हणतात, म्हातारीची मजा आहे, फिरत असते. फिरत कुठली, वाटली जाते.

तर गणतीवाल्या बाई यायच्या आधीच मी जाऊन घर उघडलं आणि चूल पेटवली. म्हटलं, निदान आमच्या दारावर तरी कुलूप दिसायला नको.

बाई होत्या लोणावळ्याच्या कुठल्याशा शाळेतल्या शिक्षिका. होडीतून उतरल्या त्याच मुळी मोबाइल उंच धरून, रेंज मिळतेय का बघत. सगळं आता मोबाइलवरच भरायचं म्हणे, घरबसल्या आपलं आपण भरलं तरी चालतं. मी त्यांच्याबरोबर घरोघर निघाले. त्यांनी बोलावलं नव्हतं, पण त्यांना एकटं सोडलं असतं तर सगळं बेट कुलूप म्हणून लिहून गेल्या असत्या.

पहिलंच घर शेजारच्या आबांचं आणि त्यांच्या म्हातारीचं. बाईंनी विचारलं, "घरात लग्न झालेली जोडपी किती?"

म्हातारी म्हणाली, "जोडपं कसलं? आमी बोलत न्हाई."

"पण चूल एकच ना?"

"चूल माझी हाय. ह्यो जेवायला येतो."

ओट्यावरून आबा म्हणाले, "अर्धं जोडपं लिवता येत आसंल तर अर्धं लिवा, बाई."

बाईंनी एक लिहिलं. संबंध बेटावर तेवढंच एक जोडपं निघालं, तेही न बोलणारं. बाकी उघड्या दारांत नुसत्या बाया, तीनचार, माझ्या वयाच्या, एकेकट्या. लहान पोर औषधाला नाही. बाई विचारायच्या, कुटुंबप्रमुख कोण? आणि जी ती आधी मागं वळून बघायची, तिथं कोणी उभं आहे का म्हणून. मला असा राग यायचा. अगं, तूच की.

उरलेली सगळी कुलपं. बाई लिहायला लागल्या की मी मधे बोलायची. ह्याचा मुलगा ड्रायव्हर आहे, शनिवारी येतो. हे लोक लावणीला महिनाभर येतात. ह्यांचा पिंपरीला संसार आहे, पण देव इथं आहेत.

बाई गोड बोलायच्या, तोच तर वैताग. "मावशी, माणूस नेहमी राहतो तिथंच लिहायचं असतं."

"नेहमी कोण कुठं राहतं हो आजकाल?" मी म्हटलं. "ते पलीकडं शहरातून मजा करायला येणाऱ्यांचे तंबू बघा. शनिवारी रात्री मोजायला या, त्या काठावर जत्रा भरलेली दिसेल. त्यांच्यासाठी रस्ता होतो, दिवे येतात. आम्हाला एक होडी जड झाली."

बाई हसल्या. त्यांच्या हातात काय होतं म्हणा.

शेवटी माझं घर. मी चहा दिला, मग बसून म्हटलं, लिहा. तेवढ्यात थोरल्याचा फोन. "आई, तुजं नाव आमी हिकडं भरलंय मोबाइलवर. तितं काय सांगू नकोस."

मी लगेच मधल्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "आत्याबाई, तुमचं नाव आम्ही पण भरलंय. राहून जायला नको ना?"

म्हणजे जिथं मी पाहुण्यासारखी असते तिथं दोनदा आणि माझ्या स्वतःच्या घराला शून्य. हसावं की रडावं कळेना. कुणी विचारलं का मला? एकानं तरी?

बाईंनी मोबाइल मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "मावशी, तिकडं फोन करून दुरुस्त करायला सांगा. पण आधी तुम्ही सांगा, पुढचे सहा महिने कुठं राहणार? मनापासून ठरलं असेल तेच लिहिते. होडीसाठी म्हणून नको."

मी छपराकडं बघितलं. पत्रा दोन ठिकाणी फुटलेला. लाकडं भिजलेली. गुडघे बोलत होते ते वेगळंच. म्हटलं, "हितं."

"नक्की?"

"लिवा म्हनते ना."

लिहिलं त्यांनी. आता सांगितलं म्हटल्यावर राहणं आलं. मुलगे भडकले. थोरला तर चार दिवसांनी होडीतून हजर. "चल, पिशवी भर. पावसात कोण बघनार तुला हितं?"

"लिहून दिलंय मी."

"ते कोण बघायला येतंय, आई?"

"मी बघतेय की. पत्रा आणलास का?"

आणला नव्हता. तोंड पाडून गेला आणि दुसऱ्या दिवशी घेऊन आला. दिवसभर छपरावर बसून ठोकत होता आणि शिरगणतीला, बाईंना, पंचायतीला आणि मला, सगळ्यांना एकत्र बडबडत होता. मी खालून खिळे देत होते.

होडीचं काय ठरलं ते अजून कोणी सांगितलेलं नाही. तूर्त येते. नावाडी रोज धक्क्यावरून ओरडून विचारतो, "मावशी, उद्या येऊ का? हायसा ना?"

रोज तेच विचारतो आणि रोज माझं डोकं उठतं. ओट्यावर उभी दिसते, तरी विचारतो.

"हाय," म्हणते मी. "ये."