बोखुम तिकडे

उजव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागे न्यायचा आणि म्हणायचं, "बोखुम तिकडे." आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणजे हे एवढं वाक्य. तुम्हाला सांगतो, हवापाण्याच्या गप्पा मारायला जावं, तरी गाडी शेवटी तिथेच यायची.

माणूस कोळशाच्या खाणीतला, उभा जन्म जर्मनीतल्या वाटेनशाइड गावात गेलेला. खाण बंद पडली, ते त्यांनी पचवलं. पण अख्खं गाव उचलून बोखुम शहरात घातलं, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना. "खाण गेली तर जाऊ दे," म्हणायचे, "नाव कसं जाऊ द्यायचं?"

आम्ही राहायला आलो त्या दिवशी आमचा सोफा घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यानं त्यांनाच विचारलं, "हे बोखुमच ना?" आजोबांनी अंगठा दाखवला. सोफा बोखुमभर फिरून संध्याकाळी घरी आला, तोवर आम्ही फरशीवर बसून वरणभात खाल्ला. आजोबांना पश्चात्ताप वगैरे नावाला नाही.

मी त्यांना पुण्याचा म्हणून सांगितलं होतं. एकदा चहा देताना बायको बोलून गेली, "आल्झो, म्हणजे तसं बघाल तर, हा खरा चिंचवडचा." आजोबांनी कप खाली ठेवला. "मग पुणं कशाला सांगतोस?" आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

पुढे नियम बदलला. गाडीच्या नंबरपाटीवर बोखुमऐवजी जुन्या गावाच्या नावाची अक्षरं पुन्हा घेता येऊ लागली. आजोबांची नजर अधू, गाडी केव्हाच विकलेली. धापा टाकत जिना चढून आले.

"तू गाडी घेणार होतास ना?"

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी कुठला रे?"

हे अगदी सहज म्हणाले. त्याच महिन्यात गाडी घेतली. "पाटीसाठी गाडी घेणारा तूच पहिला," बायको म्हणाली.

पाटी मिळते मात्र बोखुमच्याच कचेरीत. आजोबा दारापर्यंत आले, आत पाऊल टाकलं नाही. घरी येऊन स्क्रू स्वतः पिळले. मला जवळ येऊ दिलं नाही. मग रोज सकाळी रुमालानं पाटी पुसायचे. बाकीची गाडी चिखलानं माखलेली असली तरी त्यांना चालायचं.

त्याच हिवाळ्यात ते गेले. स्वतःच्या पलंगावर, वाटेनशाइडात. मी रडलो, लपवत नाही.

आता आम्ही तिथून दूर, लुडविग्सहाफेन शहरात असतो. पाटी तीच ठेवली आहे. परवा शेजाऱ्यानं ती अक्षरं फोनवर शोधली आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही बोखुमचे."

माझा अंगठा खांद्यावरून कधी मागे गेला, कळलंच नाही.

"बोखुम तिकडे," मी म्हटलं. "गाडी वाटेनशाइडची. आणि मी चिंचवडचा."