पंख्याकडे बघत जेवणारे मामाजी

मामाजी ताटाकडे बघून कधी जेवले नाहीत. ते पंख्याकडे बघून जेवायचे. भाकर पातोडीच्या रश्श्यात बुडायची, घास तोंडात जायचा, डोळे मात्र वर. पाती जरा मंदावली की हातातला घास ताटात टाकून मामाजी मीटरच्या पाटीपाशी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांना माझ्या हातचं आवडत नाही. मी अकोल्याची, हाताने तिखट आणि तोंडानेही. चांगली फुगून बसले होते. मग नवऱ्याने हसत सांगितलं की त्यांच्या आईच्या हातचंही ते असंच जेवायचे.

आमचं घर अमरावतीबाहेर, वलगावच्या रस्त्याला. मागे विहीर आणि झेंडू-शेवंतीचा मळा. विहिरीच्या मोटारीसाठी कधीकाळी तीन फेजची लाइन घेतलेली. ज्यांनी आमच्याकडचे उन्हाळे काढलेत त्यांना सांगायला नको, पण तिन्ही फेजना सारखा जोर कधीच नसतो. एकावर दिवा लख्ख, तर दुसऱ्यावर पंखा मेल्यासारखा. म्हणून पाटीवर दोन गोल बटनं बसवलेली, एक पुढच्या घराचं, एक मागच्या खोलीचं. बटन एक, दोन, तीन यांपैकी ज्या आकड्यावर फिरवाल त्या फेजवर तो भाग चालतो. हे फिरवणं म्हणजे मामाजींचा जन्माचा उद्योग. शेजारीपाजारीही पाहुणे आले की त्यांनाच बोलवायचे. गल्लीत त्यांचं नाव फेजवाले बाबा.

गंमत अशी की ते स्वतःसाठी कधी बटन फिरवत नसत. मागच्या खोलीत पाहुणा असेल, आजारी माणूस असेल, तर त्या खोलीला जोरदार फेज. ते स्वतः पुढे, ढिल्या फेजवर, रद्दीचा पुठ्ठा हलवत. दोन्हीकडे चांगला का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. जोराच्या फेजवर सगळी गल्ली बसली की फ्यूज उडतो आणि मग कोणालाच हवा नाही, असं त्यांचं शास्त्र. वर म्हणायचे, "आपल्या माणसाले चांगल्या लाइनीवर ठेवावं पोरी. मंग आपन कुठीबी बसावं."

माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा, काविळीने गेला. घरात आम्ही दोघंच उरलो. भाऊ अकोल्याला चल म्हणाले, मी गेले नाही. मामाजींना सोडून जाववेना, हे एक. आणि खरं सांगायचं तर त्या घरात माझा नवरा अजून थोडा थोडा होता. मी पुण्यातल्या एका कंपनीत फोनवर बोलायचं काम धरलं. दवाखान्याच्या विम्याबद्दल लोकांचे फोन यायचे, ते घरूनच घ्यायचे. अट एकच, नेट तुटता कामा नये. तुटत राहिलं तर पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा, नाहीतर राम राम. म्हणजे नेट टिकलं तर मी मामाजींजवळ, नाहीतर ते इथे एकटे. मळा सोडून ते पुण्याला येणं शक्यच नव्हतं.

नेटचं यंत्र पुढे, कारण वायर रस्त्यावरून येते. पुढे दिवसभर हारवाले, फुलांचा तोलमाप, मोठमोठ्याने बोलणं. तिथे बसून विम्याचं काय बोलणार? मागची खोली शांत, पण अंगण ओलांडून तिथवर वायफाय पोचत नव्हतं. अंगणातून वायर टाकली तर वांदरांनी तिचा झोका केला. पुन्हा टाकली, पुन्हा तोडली. शेवटी शहरातल्या दुकानदाराने दोन डब्ब्या दिल्या. एक पुढे यंत्राजवळच्या प्लगात, दुसरी मागच्या प्लगात. घरातल्या लाइटच्याच तारांतून नेट इकडून तिकडे जातं. हिरवा दिवा लागला आणि मामाजींनी डब्बीला झेंडूचं फूल वाहिलं. दसऱ्याला ते मोटारीलाही वाहत.

दिवाळी, थंडी बरी गेली. होळीनंतर डब्बीचा दिवा लाल व्हायला लागला. चांगलं बोलता बोलता समोरच्याचा आवाज गायब. कधी सकाळी, बहुतेक भर दुपारी. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप हिरवा. मी डब्बी एक्सटेन्शन बोर्डातून काढून भिंतीत लावली. भिंत बदलली. डब्ब्या बदलून आणल्या. मदतीच्या नंबरवर फोन केला तर बंद करून चालू करा म्हणाले. हे सांगायचा पगार मला द्या, असं मी त्यांना ऐकवलं. कोणी म्हणालं मिक्सरमुळे होतं, कोणी म्हणालं मोटारीमुळे, कोणी मोबाइलच्या चार्जरवर ठपका ठेवला. मी घरात एकेक गोष्ट बंद करत सुटले.

आणि मामाजी सगळं निमूट पाळत सुटले. मिक्सर बंद, म्हणून ते पाट्यावर ठेचा वाटायचे. मोटार बंद, म्हणून सकाळी बादल्यांनी शेवंतीला पाणी. आपला मोबाइल चार्ज करायला दुर्गाबाईंकडे, म्हणजे शेजारी, न्यायचे. डब्बीवर रोज ताजं फूल. माझा फोन तुटला की मी मागून ओरडायचे, आणि ते पुढून विचारायचे, "गेलं काय वं?" त्या आवाजात एवढी काळजी असायची की मला आणखीच संताप यायचा. एकच गोष्ट मला रोज दिसत होती आणि दिसत नव्हती. नेट गेलं की मी डोकं धरून बसायचे, आणि नेमका तेव्हाच मागच्या खोलीतला कूलर जोरात वारा फेकत असायचा.

मे महिन्यात टीमच्या मॅडमनी शेवटचं सांगितलं. एक दिवस त्या माझे सगळे फोन स्वतः ऐकणार, आणि त्यावर माझं ठरणार. मी मामाजींना सांगितलं, आज काही लावू नका, काही काढू नका. ते म्हणाले, आज मी पंख्याखालूनही हलत नाही. सकाळ चांगली गेली. दुपारी एक बाई फोनवर आली. तिच्या नवऱ्याला ऑपरेशनला आत घ्यायचं होतं आणि मंजुरी अडकली होती. ती रडत होती, मी तिला नंबर विचारत होते, तिने निम्मा सांगितला, आणि दिवा लाल झाला. कूलर सुसाट सुटला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

उन्हात अनवाणी अंगण ओलांडून मी पुढे आले. मामाजी पाटीपाशी उभे होते, हात मागच्या खोलीच्या बटनावर. अंगातली बंडी घामाने चिंब. माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाले, "लाइट ढीली झाली होती. आज तुयं मोठं काम, म्हनून तुले चांगल्या लाइनीवर टाकलं."

रडू येत होतं आणि हसूही, आणि त्या माणसावर रागावता येत नव्हतं. मग सांगितलं, की दोन्ही डब्ब्या एकाच फेजवर असल्या तरच एकमेकींशी बोलतात. तुम्ही मला चांगल्या फेजवर टाकता आणि यंत्र तुमच्याकडे ढिल्या फेजवर राहतं, म्हणून तुटतं. जोर परत आला की तुम्ही बटन जागेवर आणता, तेव्हा लागतं. त्यांनी ते दोनदा विचारून घेतलं. चेहरा पार उतरला.

"म्हंजे तू अन् मी येकाच लाइनीवर पायजे?"

"हो मामाजी."

"मंग उनाळाभर मीच तुले तोडत होतो."

मी म्हटलं तसं नाही, पण तसंच होतं. त्यांनी मागचं बटन परत फिरवून पुढच्याच्या आकड्यावर आणलं. दिवा हिरवा झाला, ती बाई पुन्हा मिळाली नाही. तिच्या नवऱ्याचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. मॅडमनी संध्याकाळी कळवलं, एक तारखेपासून पुण्याला या. कारण सापडलंय, आता होणार नाही, असं मी परोपरीने विनवलं. त्यांचंही चूक नव्हतं. कारण सापडल्याचं मी त्यांना याआधी चारदा सांगितलं होतं.

मी नोकरी सोडते म्हणाले. फुलांवर दोघांचं भागेल. मामाजींनी ते ऐकून घेतलं आणि माळ्यावरची माझी बॅग काढून पुसायला बसले. मला सगळ्यात जास्त हताश त्या दिवशी वाटलं. भांडावं तरी कोणाशी? बडनेरा स्टेशनवर गाडीत बसवताना मी शेवटचं म्हटलं, तुम्ही म्हणाल तर उतरते. ते डब्यातल्या पंख्याकडे बघत होते. म्हणाले, "चांगला फिरून राह्यला. बस इथीच."

पुण्यात नेट एकदाही गेलं नाही. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी व्हिडिओ फोन लावायचे. फोन पुढच्या घरातच असायचा, त्याला डब्ब्यांची गरज नव्हती. मागे त्यांच्या डोक्यावरचा पंखा दिसायचा, पाती मोजता येतील इतका सावकाश. मी कितीदा सांगितलं की मागची डब्बी आता कामाची नाही, मागचं बटन कुठेही फिरवा, मागच्या खोलीत जोराच्या फेजवर कूलर लावून झोपा. ते हो हो म्हणायचे. आणि विषय बदलून विचारायचे, जेवली काय?

गेल्या संक्रांतीच्या आसपास मामाजी झोपेतच गेले. थंडीचे दिवस होते, पंख्याशी काही संबंध नाही. तेराव्यानंतर मी घर बंद करायला थांबले तेव्हा दुर्गाबाई आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, बाबाने सरता उन्हाळा फार वाईट काढला. गल्लीभर बटनं फिरवत फिरायचे, पण स्वतःच्या घरी पाटीला हात लावू देत नव्हते. एकदा त्यांना पुढे घेरी आली, म्हणून दुर्गाबाई मागचा कूलर नीट चालावा म्हणून बटन फिरवायला गेल्या, तर खाटेवरून ओरडले.

"काय म्हणाले?"

"म्हने, नोको फिरवू वं. दोनी येका आकड्यावर असले तरच पोरीचा फोन लागते."

त्या गेल्यावर मी पाटीपाशी गेले. पुढचं बटन दोनवर होतं, मागचंही दोनवर. मागच्या खोलीत डब्बीचा हिरवा दिवा लागलेला, त्यावर वाळून काळं पडलेलं झेंडूचं फूल. घराला कुलूप लावताना मी मेन स्विच बंद केला. बटनं फिरवली नाहीत.