आई असण्याची अडचण

दुष्काळात बाप गेला. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, पण त्यात आम्हा दोघींचं पोट भरेना. म्हणून ती मला पुसेगावहून एसटीने शहरातल्या सरकारी बालगृहात घेऊन गेली. फाटकावरच्या शिपायाने तिला आधीच बजावलं, "बाई, इथं फकस्त अनाथ लेकरं घेतात. मावशी हाय म्हणून सांग."

साहेबांनी विचारलं, "हिची आई कुठंय?"

माझा हात घट्ट धरून आई म्हणाली, "मेली, साहेब."

तिथे मला दोन वेळा जेवायला मिळालं, शाळा मिळाली. ते मी नाकारत नाही. पण लेकराला पोसायला तयार असलेल्या सरकारला त्याची आई तेवढी जिवंत चालत नव्हती! अजून डोकं फिरतं.

आई महिन्यातून एकदा भेटायला यायची. मेट्रनबाई शेजारी खुर्ची टाकून बसायच्या, म्हणून मी तिला मावशीच म्हणायचे. तिने मला मांडीवर ओढलं की त्या म्हणायच्या, "मावशी, पोरीला उगाच लाडावू नका."

काही वर्षांनी मी कायमची घरी आले. दारातूनच हाक मारली, "मावशी!"

शेजारी बसून ऐकायला आता मेट्रनबाई नव्हत्या. तरी आईने आतून लगेच ओ दिली.