कॅसेटची एक अख्खी बाजू
दुरुस्तीच्या दुकानात तापलेल्या टेपरेकॉर्डरचा वास आला आणि पूर्णेचं आमचं रेल्वे क्वार्टर आठवलं. मोठा भाऊ मित्रांना परदेशी रॉक बँडची कॅसेट ऐकवत होता; अख्ख्या बाजूवर एकच गाणं. "ऐक, ऑर्गन कसा चढायलाय!" तो मला म्हणाला. "इंजिन बिघडल्यावानी वाटायलंय, बंद कर," मी म्हणालो. "गाढवाला गुळाची काय चव?" भाऊ म्हणाला, सगळे हसले. गाणं पुसलं जाऊ नये म्हणून त्यानं कॅसेटच्या कडेची पट्टी मोडून ठेवली होती. तो ड्यूटीवर जाताच त्या खाचेवर मी चिकटपट्टी लावली आणि रेडिओवरचे मोंढ्यातले धान्याचे भाव त्यावर भरले. संध्याकाळी त्यानं बटण दाबलं, तुरीचा भाव ऐकला, आणि कुणी केलं ते न विचारताच माझ्याशी बोलणंच सोडलं. परवा मोबाईलवर तो अल्बम सबंध ऐकला. सुंदर निघाला, हेच सहन होईना. इतक्या वर्षांनी भावाला फोन लावून सगळं कबूल केलं. "आपल्याकडं असली कॅसेट कदीच नव्हती," तो तुटकपणे म्हणाला आणि फोन ठेवला.