आक्काने ताणून पाहिलेला धागा

धाग्याची पारख आमची आक्का डोळ्यांनी करत नसे. दोन्ही हातांत धरून दहा वेळा ताणायची, सोडायची, मग मांडीवर ठेवून वितीने मोजायची. "एकदा कुणीबी ताणंल. दहाव्यांदा किती माघारी येतोय ते बघायचं," म्हणायची. वडगावातल्या साड्यांच्या कारखान्यात ती हातमागावर विणायची आणि मी तिच्याशेजारी बसून कांड्यांवर सूत भरायची. रिकाम्या वेळात तिनेच मला माग शिकवला.

गेल्या वर्षी मालकांनी रबरासारखा नवा धागा आणला. सैल असताना तांबूस, ताणला की हिरवागार. यंत्रमागावर तो सारखा तुटायचा, म्हणून नमुन्याची साडी आक्काच्या हातमागावर आली. काठाला हा धागा, अंगाला रेशीम. आक्काने ताणून मोजला. धागा बोटभर लांबलेलाच राहिला, रंग मळकट झाला.

"मालक, तुटायच्या आधी दमतोय ह्यो. सैल लावूया. ताणून विणला तर मागावरनं उतरल्यावर काठ आकसंल."

"सैल लावला तर हिरवा कसा दिसंल? गिऱ्हाईक उद्या मागावरच बघणार हाय. तू विण गप."

आक्का माझ्याकडे वळली. "तू सांग की गं! तूबी बघितलंस न्हवं?"

मी मान खाली घातली.

मागावर काठ हिरवागार दिसला, गिऱ्हाईक खूश झालं. साडी कापून उतरवली आणि काठ आखडला. मळकट तांबूस. सगळ्या रेशमाला चुण्या पडल्या.

"म्हातारीचे हात थरथरत्यात, हिनंच नासवली," मालक सगळ्यांसमोर ओरडले. "उद्यापास्नं येऊ नको!"

त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून विणणाऱ्या बाईला हे बोलले! आक्काने दोन्ही हात पुढे केले. "थरथरत्यात व्हय? बघा की." कुणी बघितलं नाही. मीही नाही. ती खानापूरला लेकीकडे निघून गेली. मालकांचं तोंड आठवलं की अजून अंगाची आग होते, आणि माझं आठवलं की त्याहून जास्त.

तिच्या मागावर मला बसवलं. मी काठ सैल लावला, कुणाला न विचारता. साडी सपाट उतरली. नेसून चाललं की काठ हिरवा चमकायचा. गिऱ्हाईक पुन्हा आलं तेव्हा मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "सैल लावायची युक्ती या पोरीची."

आक्काची, असं म्हणायचं होतं. मी गिऱ्हाइकाला हात जोडले.